घार काळी येते, फोटो सॉफ्ट येतो: पर्वरीच्या गच्चीवरची तपासणी

तक्रार एकच, पण दर रविवारी नव्याने. गच्चीवर उभं राहून बघावं तर ब्राह्मणी घारीचं पांढरं डोकं आणि विटकरी अंग नुसत्या डोळ्यांना स्वच्छ दिसतंय. कॅमेरा उचलावा, वीस-पंचवीस फोटो मारावेत, खाली येऊन लॅपटॉप उघडावा, तर पांढऱ्या आकाशावर कोळशाचा तुकडा. ज्यांत रंग आलाय त्यांत पिसं नाहीत, नुसता भिजलेला कापूस. आमच्याकडे गोव्यात, पर्वरीला, पक्ष्यांसाठी कॅमेरा घेतलेला जवळजवळ प्रत्येकजण या टप्प्यावर येतो. मग तो एक तर आणखी महाग लेन्स घेतो, नाहीतर कॅमेरा कपाटात टाकतो.

मी तिसरंच केलं. लेन्समध्येच खोट आहे असं ठरवून ती दुकानामार्फत सर्व्हिसला पाठवली. तीन आठवड्यांनी ती ‘लेन्स ठीक आहे’ अशा चिठ्ठीसकट परत आली, आणि वर तपासणीचे पैसे. त्या चिठ्ठीवर मी बरेच दिवस चिडून होतो. चिठ्ठी खरी होती. खोट लेन्समध्ये नव्हती, शेजारच्या इमारतीच्या पत्र्यात होती. ते कसं ते पुढे सांगतो.

माझं सामान साधं आहे: २४ मेगापिक्सेलची एपीएस-सी (मध्यम आकाराच्या सेन्सरची) बॉडी आणि ४०० एमएमपर्यंत जाणारी झूम लेन्स. आकडे त्या हिशेबाने देतोय, पण दुखणी सगळ्यांची तीच असतात.

आधी फोटो नीट बघा

सॉफ्ट, म्हणजे धूसर, फोटो वरवर सगळे सारखे वाटतात. शंभर टक्के मोठे करून बघितले की त्यांचे वेगवेगळे आजार निघतात.

कॅमेरा किंवा पक्षी हललेला असेल तर कडा एकाच दिशेला ओढल्यासारख्या दिसतात आणि डोळ्यातला चमकता ठिपका रेघ होऊन जातो. फोकस चुकला असेल तर फ्रेममध्ये दुसरं काहीतरी कडक शार्प असतं, आमच्याकडे शक्यतो माडाची झावळी किंवा विजेची तार. सगळेच्या सगळे फोटो दुधात बुडवल्यासारखे असतील तर लेन्सच्या काचेकडे बघा: बाष्प, बुरशी नाहीतर बोटाचा ठसा.

चौथी तऱ्हा फसवी आहे. एका बर्स्टमधले, म्हणजे बटण दाबून धरून सलग काढलेले, दहा फोटो दहा प्रकारचे असतात. एकात चोच जाड, दुसऱ्यात दुहेरी, तिसऱ्यात पंखाची कड नागमोडी, आणि सातवा चुकून बरा. शटर तेच, फोकस तोच, तरी प्रत्येक फोटो निराळा. हा उन्हाने तापलेल्या हवेचा आजार. मी तो दीड वर्ष लेन्सचा समजत होतो.

खात्री करायला पक्षी लागत नाही, उलट पक्षी नसलेलाच बरा. दोनशे-अडीचशे मीटरवरची एखादी पाण्याची टाकी निवडा, जिच्यावर अक्षरं आहेत. कॅमेरा ट्रायपॉडवर किंवा गच्चीच्या कठड्यावर तांदळाची छोटी पिशवी टाकून तिच्यावर ठेवा, दोन सेकंदांचा टायमर लावा, सकाळी सातला दहा फोटो काढा. मग अकरा वाजता त्याच जागेवरून, त्याच सेटिंगला पुन्हा दहा. सातची अक्षरं कोरीव आणि अकराची थरथरती आली तर लेन्स निर्दोष आहे. दोन्ही वेळी सारखीच वाईट आली तर मात्र दुकान गाठा. ही चाचणी मला सर्व्हिसच्या आधी सुचायला हवी होती. पैसे वाचले असते.

पत्रे

गोव्यात राहणाऱ्याला हे सांगायला नको की पावसात गच्ची गळते, आणि गळती थांबवायला सोसायटी गच्चीवर पत्रे घालते. निळे, हिरवे, लाल. पर्वरीत आमच्या गच्चीवरून खाली नजर टाकली की माड आणि पत्रे, पत्रे आणि माड. सकाळचं ऊन त्यांच्यावर पडलं की नऊनंतर त्यांच्यावरची हवा उकळायला लागते. गार आणि गरम हवेतून प्रकाश वेगवेगळा वाकतो, म्हणून त्या थरातून बघितलेली प्रत्येक गोष्ट नाचते. डोळ्याला ते जाणवत नाही. ४०० एमएमची लेन्स ते मोठं करून दाखवते, आणि जितकी लांब लेन्स तितका नाच मोठा. म्हणूनच ६०० घेतलेल्या मित्राचे फोटो माझ्यापेक्षा वाईट यायला लागले तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला.

मी काय करत होतो? आमच्या गच्चीच्या पश्चिम कठड्याला टेकून, शेजारच्या इमारतीच्या पत्र्यावरून नजर टाकत पलीकडच्या आंब्यावर बसलेल्या घारीचा फोटो काढत होतो. मधलं सत्तर-ऐंशी मीटर अंतर सगळं तापलेल्या पत्र्यावरून जाणारं. तोच आंबा दुसऱ्या बाजूने, मधे नुसत्या झाडीवरून बघितला तर साडेदहालाही बऱ्यापैकी येतो. झाडांवरची हवा पत्र्याइतकी तापत नाही.

तर उपाय असे. पत्रा, डांबरी रस्ता, मोटारींनी भरलेलं पार्किंग आणि उघडा जांभ्या दगडाचा सडा (पठार) यांच्यावरून आडवा फोटो नऊ-साडेनऊनंतर काढू नका. डोक्यावरून जाणारा पक्षी चालेल, कारण वर बघताना तापलेल्या थरातून प्रकाशाला फार थोडा प्रवास करावा लागतो. ढगाळ दिवशी, पहिल्या पावसानंतर, आणि हिवाळ्यात उजाडताना हवा शांत असते. एसी लावलेल्या खोलीच्या उघड्या खिडकीतून फोटो काढणं हाही तोच प्रकार: आतली गार आणि बाहेरची गरम हवा नेमकी तुमच्या लेन्सपुढे मिसळत असते. बंद खिडकीच्या काचेतून तर काढूच नका.

सॉफ्टवेअरने हे दुरुस्त होत नाही. शार्पनेसची पट्टी ओढली की नागमोडी कड आणखी ठळक नागमोडी होते.

आता काळेपणा

कॅमेऱ्यातला उजेड मोजणारा मीटर भोळा असतो. त्याला वाटतं, जगातलं प्रत्येक दृश्य सरासरीने मध्यम राखाडी असायला हवं. फ्रेमचा नव्वद टक्के भाग पांढरं आकाश असेल तर तो ते पांढरं ओढून राखाडी करतो, आणि मधली बिचारी घार त्या ओढाताणीत काळी होते. शिवाय घारीचं पोट मुळातच सावलीत असतं. ऊन तिच्या पाठीवर, आपण खाली.

सगळीकडे सल्ला मिळतो तो एक्सपोजर कॉम्पेन्सेशन (मीटरच्या हिशेबापेक्षा फोटो मुद्दाम उजळ करायची सोय) वाढवायचा: अधिक एक, अधिक दीड, पांढुरक्या आकाशाला अधिक दोन. साध्या घारीला तो लागू पडतो. (हिला इंग्रजीतून काळी म्हणतात, पण आहे ती तपकिरी. आमच्या फोटोंनी मात्र ते नाव खरं करून दाखवलं.) ब्राह्मणी घारीला तोच सल्ला मारक आहे. तिचं डोकं आणि छाती पांढरी शुभ्र, अंग गडद विटकरी. अधिक दोन केलं की अंगाची पिसं दिसायला लागतात आणि डोकं जळून कागद होतं. एकदा जळलेला पांढरा भाग रॉ म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमधूनही परत येत नाही. पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचं दुखणं तर याहून नाजूक: त्याचं पोट उन्हात आलं की अधिक अर्ध्यालाही जळतं.

त्यात पुन्हा पक्षी जागा बदलतो. आत्ता आकाशावर, दोन सेकंदांनी मागे हिरवी झाडी. झाडी गडद, म्हणून मीटर आता उलटं वागतो आणि पक्षी पांढरा फटक करतो. तुम्ही अधिक दीडवर ठेवलेलं बटण विसरलेले असता. फोटो वाया.

माझा उपाय: मीटरला सुट्टी. घारीवर पडणारं ऊन आकाशापुढेही तेच आणि झाडीपुढेही तेच, बदलते ती फक्त पार्श्वभूमी. म्हणून मॅन्युअल मोड लावायचा, ऑटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता कॅमेऱ्याने आपणहून बदलणं) बंद करायचा, आणि उन्हातल्या हिरव्या गवतावर किंवा झाडीवर मोजमाप घेऊन तेच सेटिंग धरून बसायचं. जानेवारीत सव्वाआठच्या स्वच्छ उन्हात माझं साधारण लेन्सचं छिद्र एफ ६.३, शटर १/२००० सेकंद आणि आयएसओ ८०० असतं. ढग आला की पुन्हा मोजायचं, एवढंच काम. दोन-तीन ट्रायल मारून हिस्टोग्राममध्ये, म्हणजे उजेडाच्या आलेखात, पांढऱ्याचा डोंगर उजव्या भिंतीला चिकटला नाही ना ते बघायचं. ब्राह्मणी घारीसाठी मी डोकं वाचवतो आणि अंग नंतर रॉमधून उजळतो. सावलीतून उजळलेल्या भागात थोडे दाणे येतात, ते चालतात. जेपेगमध्येच फोटो काढत असाल तर ही सवलत जवळजवळ नाहीच. निकॉन पी९०० सारख्या लांब झूमच्या छोट्या कॅमेऱ्यात रॉची सोय नव्हती, पुढच्या पी९५० मध्ये ती आली. सेकंडहँड घेताना हे लक्षात ठेवा.

तरीही सेटिंगने अर्धीच लढाई जिंकता येते. उरलेली अर्धी उभं राहण्याच्या जागेवर.

सूर्य डोक्यावर असताना कुठल्याही पक्ष्याचं पोट उजळत नाही. आपण साधारण साडेपंधरा अक्षांशावर राहतो. मे महिन्याच्या सुरुवातीला आणि पुन्हा ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास माध्यान्हीचा सूर्य आपल्या अगदी डोक्यावर येतो, आणि हिवाळ्यातही अकरा ते दोन त्याचं काही खरं नसतं. सूर्य खाली आणि आपल्या पाठीशी हवा. आणि जमलं तर पक्षीसुद्धा आपल्या खाली हवा!

पर्वरीकरांना ही चैन फुकट मिळते, पण गच्चीच्या मोहात आपण ती विसरतो. पर्वरी सड्यावर आहे आणि सड्याची कड बेती, मालीम, वेरे या बाजूला उतरते. खाली मांडवी. सकाळी साडेआठच्या सुमारास उतारावरची हवा तापून वर यायला लागते आणि घारी नदीकडून त्या हवेवर बसून, पंखही न हलवता, कडेपर्यंत चढतात. तुम्ही कडेवर नैऋत्येकडे तोंड करून उभे असाल तर सूर्य तुमच्या डाव्या खांद्यामागे असतो आणि घार आधी तुमच्या पायाखाली दिसते, मग डोळ्यांच्या रेषेत, मग वर. पायाखाली असताना तिची विटकरी पाठ उन्हात आणि मागे गर्द माडांची झाडी. काळेपणाचा प्रश्नच उरत नाही. माझ्या भिंतीवर लावलेला एकमेव फोटो तिथला आहे: घारीने मान खाली वळवून स्वतःच्याच पंजातल्या माशाला चोच लावली आहे, उडता उडता. मासा बोटभर लांबीचा. त्याचा खवला न् खवला चमकतोय आणि घारीच्या डोक्यावरच्या पांढऱ्या पिसांतली बारीक काळी रेघही दिसतेय. गच्चीवरच्या दीड वर्षात असा एक फोटो नाही.

ज्यांच्याकडे कड नाही त्यांनी पाणी शोधावं. पाणी आणि वाळू खालून उजेड फेकतात, त्यामुळे पोट थोडं उजळतं. मिठागरं आणि खाजनाच्या (खाडीकाठच्या शेतजमिनीच्या) बांधांवर म्हणूनच फोटो बरे येतात.

पक्षी फारच लहान येतो

हे दुखणं नव्हे, गणित आहे. ४०० एमएम लेन्सने १०० मीटरवरची वस्तू सेन्सरवर अडीचशेपट लहान उमटते. ब्राह्मणी घारीचा पंखविस्तार साधारण १.२ मीटर धरा. सेन्सरवर ती ४.८ मिलिमीटर झाली. एपीएस-सी सेन्सरची रुंदी साडेतेवीस मिलिमीटर, म्हणजे फ्रेमचा पाचवा हिस्सा, साधारण बाराशे पिक्सेल. क्रॉप करून मोबाइलवर दाखवायला भरपूर. २०० मीटरवर तेच सहाशे. शिक्रा हा छोटा शिकारी पक्षी मात्र पंख पसरूनही साठ सेंटिमीटरच्या आत, तो १०० मीटरवर सहाशे पिक्सेलच मिळतो. २०० मीटरवरच्या शिक्र्याचा फोटो नोंदीसाठी ठीक, भिंतीसाठी नाही. समुद्री गरुड दोन मीटरच्या आसपास पंख पसरतो, म्हणून लांबूनही पदरात काहीतरी पडतं.

याच गणिताने शटरचंही कळतं. सेकंदाला दहा मीटर वेगाने आडवी जाणारी घार १०० मीटरवर असेल आणि कॅमेरा तुम्ही तिच्याबरोबर फिरवला नाही, तर १/५०० ला ती सेन्सरवर वीस पिक्सेल सरकते. १/२००० ला पाच. कॅमेरा तिच्या गतीने फिरवता आला तर ते जवळजवळ शून्यावर येतं. म्हणून उडत्या पक्ष्याला १/२००० हा माझा किमान आकडा, आयएसओ वाढला तरी बेहत्तर. दाणे पुसता येतात, हललेला फोटो पुसता येत नाही.

झावळी फोकस खाते

थोडक्यात: सगळे फोकस पॉइंट उघडे ठेवले की कॅमेरा जवळची झावळी पकडतो. मधला एक पॉइंट किंवा छोटा झोन, सतत फोकस, आणि लेन्सवर अंतर मर्यादित करणारं बटण असेल तर ते लांबच्या बाजूला. पक्षी यायच्या आधीच लांबच्या मोबाइल टॉवरवर फोकस करून ठेवा. पक्ष्याचा डोळा ओळखणारे नवे कॅमेरे हे काम सोपं करतात, तरी माडांच्या गर्दीत तेही चकतात.

सकाळी लेन्सवर धुकं

कॅमेरा रात्रभर एसीच्या खोलीत, आणि सहाला उठून थेट गच्चीवर. आपल्याकडची सकाळची दमट हवा गार काचेवर लगेच बाष्प धरते. पुसू नका, पुसलं की पुन्हा धरतं आणि काचेवर ओरखडे तेवढे वाढतात. कॅमेरा आदल्या रात्रीच बंद बॅगेत घालून एसी नसलेल्या खोलीत ठेवा. उठल्यावर लक्षात आलं तर बॅग न उघडता बाल्कनीत अर्धा-पाऊण तास ठेवून चहा प्या.

पावसाळ्यातली बुरशी याचीच मोठी बहीण. घट्ट झाकणाचा डबा, त्यात सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक. काटा चाळीस-पन्नासच्या मधे हवा. निळी सिलिका गुलाबी झाली की ती ओल पिऊन तृप्त झालेली असते, मंद तव्यावर परतून पुन्हा निळी करा. आमच्या घरी तो तवा वेगळा ठेवावा लागला, त्याचा इतिहास सांगत नाही.

शेजारी

ही अडचण कुठल्याच मॅन्युअलमध्ये नसते. वस्तीत हातभर लांबीची लेन्स घेऊन उभा राहिलेला माणूस घारीकडे बघतोय हे फक्त त्याला माहीत असतं. समोरच्या इमारतीतल्या काकींनी एकदा खालूनच हटकलं.

“काय रे बाबा, रोज सकाळी आमच्या खिडकीत काय शोधतोस?”

“काकी, तुमच्या खिडकीत नाही हो, तुमच्या आंब्यावर घार बसते तिला.”

“घारीत बघण्यासारखं काय असतं?”

मी कॅमेरा घेऊन खाली उतरलो आणि मागच्या स्क्रीनवर त्यांना दाखवलं. त्या आंब्याच्या शेंड्यावर घार एका पायावर उभी, दुसरा पाय पोटाच्या पिसांत ओढलेला. काकी बराच वेळ बघत होत्या. मग म्हणाल्या, “ही माझ्या सुक्या बांगड्याची चोर.” त्या दिवसापासून काकींकडून खबर मिळते: कावळे कुठे कल्ला करतायत, कोण बसलंय. कावळे आणि कोतवाल घोळक्याने एखाद्या झाडावर झडप घालत असले की तिथे बहुधा शिकारी पक्षी असतो. माझ्यापेक्षा काकींना ते आधी ऐकू येतं.

तर पहिल्याच आठवड्यात शेजाऱ्यांना फोटो दाखवून टाका. सोसायटीच्या फलकावर एक लावलात तर उत्तम. लेन्स खिडक्यांच्या पातळीत धरून फिरवू नका. वास्को, दाबोळी, चिखलीकडच्यांनी जास्त जपावं, तिथे आयएनएस हंसा हा नौदलाचा तळ आहे, आणि विमानाच्या दिशेला वळलेली लेन्स कोणी घारीसाठी मानणार नाही.

आणि घरट्यांचं. ब्राह्मणी घारीची वीण साधारण डिसेंबर ते एप्रिल, घरटं बहुधा उंच माडावर किंवा खारफुटीत. नारळ पाडणाऱ्या पाडेलीला घरटं कुठे आहे ते विचारा, पण त्या माडावर झावळी तोडून फोटोची वाट मोकळी करून घेऊ नका. १९७२ च्या वन्यजीव कायद्यात पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्याला उपद्रव देणं हे शिकारीच्या व्याख्येतच बसतं. कोंबडीची आतडी गच्चीवर टाकून घारी बोलावणारे लोकही मला माहीत आहेत. फोटो मिळतात, पण महिन्याभरात त्याच घारी शाळेतल्या पोरांच्या हातातला डबा उचलायला लागतात.

फोटो चांगला, नाव चुकीचं

सगळं जमून फोटो शार्प आला की लोक त्याखाली चुकीचं नाव लिहितात. सर्वांत जास्त गल्लत ब्राह्मणी घारीच्या पिल्लांवरून होते. पहिल्या वर्षी ती पांढरी-विटकरी नसतातच, तपकिरी आणि रेघारेघांची असतात, आणि सगळेजण त्यांना साधी घार समजतात. शेपूट बघा: साध्या घारीची खाच असलेली, ब्राह्मणीची गोलसर. पण साध्या घारीनेही शेपूट पूर्ण पसरली की ती खाच दिसेनाशी होते, म्हणून एका फोटोवर निकाल देऊ नका. वळताना, सरळ जाताना, शेपूट मिटलेली असताना, असे तीन-चार फोटो ठेवा. एरवी मी बर्स्टमधले खराब फोटो उडवतो, ओळख पटेपर्यंत मात्र सगळे ठेवतो.

हिवाळ्यात आणखी पाहुणे येतात. पांढुरकं पोट आणि काळे पंख असलेला बूटेड ईगल घारींच्या घोळक्यात बेमालूम फिरतो. त्याची शेपूट चौकोनी, आणि समोरून येताना मानेच्या दोन्ही बाजूंना दोन पांढरे ठिपके, मोटारीच्या दिव्यांसारखे. मोहोळघारीचं डोकं अंगाच्या मानाने कबुतराएवढं छोटं आणि मान लांब. सड्यावर एका जागी हवेत थांबून पंख फडफडवणारा पांढरा-राखाडी पक्षी दिसला तर ती कापशी. पाण्यावर मासा धरून नेणारा प्रत्येक पक्षी ब्राह्मणी घार नसतो. डोळ्यातून जाणारा गडद पट्टा आणि कोपरात वाकलेले लांब पंख दिसले तर तो ऑस्प्रे, आणि तो माशाचं तोंड पुढे करून नेतो. चोडणच्या बाजूला, रायबंदरच्या फेरीबोटीतूनही तो दिसतो. फेरीबोट थरथरते, त्यामुळे तिथे कठड्याला टेकू नका, हातावरच कॅमेरा धरा.

पक्षीच येत नाहीत तेव्हा

जून-जुलैत अनेकजण विचारतात, घारी गेल्या कुठे? पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. मालीमच्या जेटीवर ट्रॉलर बांधलेले, जाळी वाळत घातलेली, आणि खवले-डोकी फेकली जात नाहीत म्हणून घारीही विखुरतात. सरळ कोसळणाऱ्या पावसात त्यांना तरंगायला गरम हवाही मिळत नाही. ऑगस्टमध्ये पहिल्या होड्या परतल्या की जेटीवर सकाळी पुन्हा गर्दी. तिथे २०० एमएमही पुरते; फक्त बर्फाच्या ट्रकच्या वाटेत उभे राहू नका, आणि कामाच्या माणसांचे चेहरे न विचारता टिपू नका.

गच्चीवरची एक अडचण मात्र माझ्याकडून अजून पूर्ण सुटलेली नाही. आमच्या इमारतीमागच्या केबलवर शिक्रा येतो तो उजाडता उजाडता, पावणेसातच्या आत. त्या उजेडात १/२००० म्हणजे आयएसओ बारा हजारांच्या वर, आणि तेवढ्यात पिसं वाहून जातात. सध्या मी त्याच्या उडण्याचा नाद सोडला आहे. तांदळाची पिशवी, कठडा, १/१२५, श्वास रोखून दहा-बारा फोटो, त्यांतले दोन शार्प. शिक्रा बसल्या बसल्या मान पूर्ण मागे फिरवतो आणि क्षणभर थांबतो, बटण तेव्हा दाबायचं. उडाला की कॅमेरा खाली.